मले म्हणणारा माणूस

शालिकभाऊ भोंगाडे तब्येत ठणठणीत असतानाही आठवड्यातून दोनतीनदा धंतोलीला जायचे. नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते: धंतोलीत माणूस जातो तो दवाखान्यातच. गल्लीगल्लीत हॉस्पिटलं, त्यांच्याखाली औषधांची दुकानं आणि त्यांच्यासमोर सगळ्या विदर्भातून आलेले पेशंट नि त्यांचे नातेवाईक. तिथे हौसेने जाणारा माणूस आमच्या हुडकेश्वरच्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, दुसरा नव्हता. त्यामुळे तर्कांना ऊत आला होता. कुणी किडनी म्हणे, कुणी त्याहून वाईट. माझ्या शेजारणीने तर 'कॅनडातले उपचार परवडेनात म्हणून परत आले' असं निदानच करून टाकलं होतं. तिकडे उपचारांचा खर्च सरकार करतं, हे तिला कोण सांगणार?

त्यांची नि माझी पहिली भेट माझ्या फाटकाशी झाली. कोपऱ्यावरचं रिकामं घर कॅनडातल्या कुणीतरी घेतलंय, एवढं कानावर आलं होतं. तिथे रंगाचं काम चाललं होतं. मी कुंड्यांना पाणी घालत होते, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "काहून वं बाई, इथं नळ कवा येते?" वळून पाहिलं तर रंगाने माखलेला बनियन, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणि सत्तरीकडे झुकलेला एक काळासावळा माणूस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं घराणं महाल या जुन्या पेठेतलं, भोसल्यांच्या चाकरीपासून नागपुरात रुजलेलं. घरात चुकून 'मले' निघालं तर आजोबा भरल्या पानावरून उठवत. आणि हा कोण कुठला माणूस मला सरळ 'वं' म्हणत होता! 'वं' म्हणावं ते नवऱ्याने बायकोला, आईने लेकीला. मी मान ताठ करून विचारलं, "मालक केव्हा येणार आहेत?"

"आले ना. मीच तो."

मी ओशाळले. ते मात्र मोठ्याने हसले. "राहू द्या ताई, मनाले लावून घेऊ नका. तिथंही लोकायले असंच वाटे."

हे 'तिथंही' काय होतं ते पुढे हळूहळू कळलं. शालिकभाऊ मूळचे कामठीचे. वडिलांचे यंत्रमाग होते. मागांच्या खडखडाटात एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचेच आवाज मोठे. तो आवाज घेऊन ते तरुणपणी कॅनडात गेले आणि तिथल्या एका शहरात, ज्याचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, सिटी बसगाड्या दुरुस्त करण्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. बायको इंदूताई काटोलकडच्या. बाहेर बर्फ पडत असे आणि आत या दोघांचं 'काहून वं' नि 'काय जी' चाललेलं असे. मग इंदूताई गेल्या. मुलगा प्रशांत आपला संसार घेऊन त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्या घरात कुणी कुणाला 'वं' म्हणायचंच उरलं नाही.

"घरात टीव्ही बोले, मायक्रोवेव्ह बोले, फ्रीजचा दरवाजा उघडा राहिला तर तोही इंग्रजीत ओरडे," ते सांगायचे. "मीच तेवढा चूप."

ते परत आले ते एवढ्यासाठी. मायभूमी, मातीची ओढ असलं काही कुणी बोललं की त्यांना राग येई. "माती तिथंही आहे बाप्पा. उलट बरी आहे, नाकात जात नाही. मले बोलाले कोणी पायजे होतं." इतकं साधं कारण लोकांना पटत नसे. परदेशातून परत येणाऱ्या माणसाकडे काहीतरी भव्य कारण असावं किंवा मग भानगड असावी, अशी आपली अपेक्षा असते.

तिकडच्या मराठी मंडळाची गोष्ट ते फार रंगवून सांगत. गणपतीत नाटक बसे. मंडळात बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची, शालिकभाऊ एकटेच नागपूरकडचे. "दरसाल मी गडी. कधी घरचा गडी, कधी शेतावरचा. एका नाटकात तर गडीच नव्हता, तर माह्यासाठी मुद्दाम लिहून घेतला. म्हणत, भोंगाडे, तुम्ही फक्त उभे राहा, बाकी आपोआप होतं." आणि व्हायचंही. ते नुसते 'मालक, पानी आणू काय?' म्हणत आणि हॉल कोसळे. एकदा नाटक संपल्यावर इंदूताईंनी विचारलं, "तुम्ही घरीही असेच बोलता, हे त्या लोकायले मालूम नाही काय?" त्या नंतर मंडळात कधी गेल्या नाहीत. शालिकभाऊ जात राहिले, कारण मराठी कानावर पडायला दुसरी जागा नव्हती.

हे सांगताना ते त्या गड्याची वाकलेली चाल करून दाखवत, आणि ती इतकी हुबेहूब असे की हसू फुटायचंच. मग ते मध्येच थांबून माझ्याकडे बघत. "पाहा," म्हणत. "माह्या इंग्रजीले तिथं एक गोरा हसला नाही, ताई. माह्या मराठीले हसले ते आपलेच."

लेआऊटमधली मंडळी सुरुवातीला उत्साहाने त्यांच्याकडे जात. सगळ्यांना ऐकायचं एकच असे, तिकडे किती स्वच्छ आणि इकडे किती घाण. शालिकभाऊ तेही सांगत. बस ठरल्या वेळेला येते, गाडी माणसासाठी थांबते, हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं. पण त्यांची मोठी खोड अशी की ते तिथे थांबत नसत, पुढचंही सांगत. घरासमोरचा बर्फ म्हातारपणीही स्वतःच फावड्याने उपसायचा, संडास स्वतः घासायचा, गुडघ्याच्या डॉक्टरची वाट बघत वर्ष काढायचं. शेजारचा गोरा चांगला माणूस, रोज हात हलवायचा. इंदूताई गेल्या तेव्हा त्याने दारात कार्ड ठेवलं, पण बेल दाबली नाही.

"अन् इथं?" लोक आशेने विचारत.

"इथं बेल दाबतात. घरात येऊन बसतात. माही शुगर विचारतात, प्लॉटचा भाव विचारतात. फक्त माहं बोलणं पुरं होऊ देत नाहीत."

असलं उत्तर कुणाला आवडणार? येणारे कमी झाले. जे येत ते बोलता बोलता हिंदीवर घसरत. 'अंकल, लेकिन आप वापस क्यों आए?' मराठी माणूस मराठी माणसाला नागपुरात बसून हे विचारत होता! भाजीवाला हिंदी, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला येणारा हिंदी. मोबाईल कंपनीला फोन लावून मराठीचं बटण दाबलं तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणे, 'सर, मला तुमचं बोलणं समजलं नाही.' शालिकभाऊ फोन ठेवून मला विचारत, "मंग आता मी कोन्तं बटन दाबू?"

पण खरा घाव घरातूनच बसला होता. त्यांचा धाकटा भाऊ रमेश माग विकून कामठीहून शहरातल्या फ्लॅटमध्ये आला होता. शालिकभाऊ आल्यावर पहिल्याच जेवणाला रमेशची सून श्वेता अगदी हात जोडून म्हणाली, "मोठे बाबा, एक रिक्वेस्ट आहे. मुलांसमोर मले-तुले नका ना करू. त्यांना सवय लागते, मग शाळेत टोकतात." शालिकभाऊंनी भावाकडे पाहिलं. रमेश ताटात बघत म्हणाला, "दादा, आता असं कोणी बोलत नाही."

"तू कवापासून 'कोणी' झाला गा?" शालिकभाऊंनी विचारलं.

रमेशने भात वाढायला सांगितला. मला रमेशचं आश्चर्य वाटत नाही. नागपूरच्या माणसाचं हे जुनं दुखणं आहे. पुण्याचा माणूस समोर आला की आम्ही जीभ आवरून बसतो, पाहुणे आले की फाटकी चादर गादीखाली ढकलावी तसे. आणि मग म्हणतो, आमच्या विदर्भाला कुणी विचारत नाही.

आता धंतोलीचं सांगते. एकदा त्यांना खरोखरच चक्कर आली म्हणून ते तिथल्या एका दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "मले सकाळपासून चक्कर येऊन राहिली." मुलीने वर न बघता विचारलं, "काका, गावाहून आलात? सोबत कोणी शिकलेलं आहे का?" शालिकभाऊंनी तिकडच्या इंग्रजीत, तिकडच्याच हेलात, तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मुलगी उभी राहिली. खुर्ची आली, पाणी आलं, 'सर' आलं, आणि डॉक्टरांनी दोन तपासण्या जास्त लिहून दिल्या. "मराठीत खुर्ची भेटत नाही, इंग्रजीत टेस्ट चुकत नाही," असा त्याचा हिशेब त्यांनी मांडला होता.

त्या तपासण्यांचे रिपोर्ट घ्यायला थांबले असताना ते बाहेर फुटपाथवर, नातेवाईकांच्या घोळक्यात जाऊन बसले. कुणी यवतमाळकडचे, कुणी गडचिरोलीचे, कुणी वाशीमचे. डबे उघडलेले, एकमेकांना लोणचं देणं चाललेलं, आणि सगळे बोलत होते, 'मायले आता बरं वाटून राहिलं', 'डाक्टर कवा येते कोनाले ठाऊक'. शालिकभाऊ संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. घरी आले ते असे फुलून की मला वाटलं रिपोर्ट चांगले आले. रिपोर्ट ते तिथेच विसरून आले होते.

"सारे माह्यासारखे बोलतात, ताई. बिमार आहे बिचारे, पण बोलतात!"

तेव्हापासून त्यांच्या धंतोलीच्या वाऱ्या सुरू झाल्या. सोबत केळी नाहीतर बिस्किटं घेऊन जात, फुटपाथवर बसत आणि मनसोक्त बोलून येत. मला ते ऐकून भरून यायचं आणि रागही यायचा. सातासमुद्रांपलीकडून माणूस आपल्या गावी परत येतो आणि त्याचं गाव त्याला कुठे सापडतं, तर हॉस्पिटलच्या दाराबाहेर, दुसऱ्याच्या आजारपणात! त्यातही एकदा घोटाळा झाला. एका म्हाताऱ्याशी छान गप्पा रंगल्या असताना शालिकभाऊंच्या तोंडून 'मी कॅनडात होतो' निघून गेलं. म्हातारा सावरून बसला, पायाखालची चप्पल सरकवून जागा करून दिली आणि म्हणाला, "बसा साहेब. आम्हाला थोडं कमी समजतं." मले-तुले बंद. पुढचा सगळा वेळ तो म्हातारा अडखळत, शब्द शोधत, शाळामास्तरासमोर बोलावं तसा बोलत राहिला. त्यानंतर कुणी विचारलं की शालिकभाऊ एवढंच सांगत, "कामठीचा आहो."

"तिथं कामठी लपली नाही, इथं कॅनडा लपवून राहिलो," ते म्हणाले. त्या वेळी ते हसले नाहीत.

असं असूनही ते तग धरून होते, त्याला कारण होती अनू. प्रशांतची मुलगी, सातआठ वर्षांची. इंदूताई होत्या तोवर ती त्यांच्याच मांडीवर वाढली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे अस्सल काटोल-कामठी, वर कॅनडाचा हेल. रोज सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येई आणि शालिकभाऊंच्या व्हरांड्यातून सगळ्या लेआऊटला ऐकू जाई, "आबा, तुम्ही काय करून राहिले?" "चहा पिऊन राहिलो वं माय, तू झोपली काहून नाही?" घरातल्या घरात 'वं' म्हणायला त्यांना जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते स्क्रीनमध्ये राहत होतं. ते मला म्हणायचे, "रमेशची नातवंडं नाही बोलत तर नको बोलू. माही अनू आहे ना. अनू आहे तोवर हे मरत नाही." मी मान डोलवायची. एवढं ओझं एका पोरीच्या जिभेवर ठेवू नये, असं मनात यायचं, पण बोलवत नसे.

रमेशच्या मुलीचं साक्षगंध, बाहेरच्यांच्या भाषेत साखरपुडा, ठरलं तेव्हा प्रशांत सहकुटुंब आला. मुलाकडचे पुण्याचे. शालिकभाऊंनी मलाही आग्रहाने नेलं. हॉल थंडगार, खुर्च्यांना पांढरी वस्त्रं, आणि रमेशकडची सगळी माणसं इतकं जपून मराठी बोलत होती की जणू काचेची भांडी वाहून नेतायत. अनू निळा घागरा घालून हिंडत होती. हिंडता हिंडता ती मुलाच्या आईपाशी गेली आणि आपल्या स्पष्ट, मोठ्या, भोंगाड्यांच्या आवाजात म्हणाली, "मावशी, मले तहान लागून राहिली. पानी कुठं आहे वं?"

एकच हशा पिकला. "अय्या, किती क्यूट! परत बोल ना बेटा!" ती परत बोलली. आणखी लोक जमले. मोबाईल निघाले. "अगं, कॅनडाहून आलीय आणि बघ कशी बोलते, अगदी आमच्या शांताबाईसारखी!" ही शांताबाई कोण, ते कुणी सांगायची गरज नव्हती. अनूला वाटलं आपलं कौतुक चाललंय. ती पुन्हा पुन्हा बोलत होती, आणि तिला पाणी अजून कुणी दिलं नव्हतं.

शालिकभाऊ पहिल्या हशाला फुलून आले होते. माझ्या दंडाला धरून म्हणाले, "पाहा, माही नात!" दुसऱ्या हशाला त्यांचा हात माझ्या दंडावरून निघाला. तिसऱ्या वेळी ते गर्दीत घुसले, पोरीला उचललं आणि बाहेर नेऊन नळाखाली ओंजळीने पाणी पाजलं. मागून श्वेता आली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मोठे बाबा, मी हेच सांगत होते ना? ते लोक काय म्हणतील आपल्याला?" शालिकभाऊंनी रुमालाने पोरीचं तोंड पुसलं आणि तिला घेऊन ते गाडीकडे निघाले.

परतताना गाडीत अनूने विचारलं, "आबा, आपण जोकरसारखं बोलतो काय?"

"नाही वं माय."

"मंग ते काहून हसून राहिले होते?"

प्रशांत गाडी चालवत होता, तो म्हणाला, "बाबा, सोडा ना. शी इज जस्ट अ किड." मला वाटलं, लेकरू म्हणूनच तर सोडता येत नाही.

तो अनूचा शेवटचा प्रश्न. म्हणजे त्या भाषेतला शेवटचा. दुसऱ्या दिवसापासून ती इंग्रजीतच बोलू लागली. शालिकभाऊंनी लाडीगोडी केली, गोष्टी सांगितल्या, इंदूताईंची आठवण काढली. ती ऐकून घेई आणि इंग्रजीत उत्तर देई. परत गेल्यावर कॉल येत राहिले, पण व्हरांड्यातून आता 'हाय आबा, हाऊ आर यू?' ऐकू येई. एकदा ते 'काय करून राहिली वं?' म्हणाले, तेव्हा स्क्रीनमधून ती वैतागून म्हणाली, "आबा, टॉक नॉर्मल." मी तेव्हा त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले होते. वाटी तशीच हातात धरून मी फाटकातून मागे फिरले.

पुढे शालिकभाऊ नॉर्मल बोलू लागले. आधी अनूशी, मग सगळ्यांशी. मला, तुला, कशाला, केव्हा. आवाजही खाली आला. लेआऊटमधल्या लोकांना ते बरं वाटलं. शेजारीण म्हणाली, "सुधारले हो भोंगाडे." त्यांच्या धंतोलीच्या फेऱ्याही बंद झाल्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तिथे बसून काय करायचं? ते लोक बरे होतात आणि आपापल्या गावी निघून जातात." वाक्य अगदी शुद्ध होतं. ऐकताना मला त्यांच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसवल्यासारखं वाटलं.

उन्हाळा लागायच्या आत त्यांनी घर विकायला काढलं. प्रशांतकडे जाणार होते. रमेशने थांबवून पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शालिकभाऊ त्याला म्हणाले, "तिथे मी परका आहे, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. त्यात कुणाची फसवणूक नाही."

निघायच्या दिवशी दुपारी टॅक्सी फाटकाशी उभी होती. सामान चढलं. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि वस्तू द्यायची नव्हती. या माणसाने माझ्याशी जी भाषा भरभरून बोलून घेतली, तिच्यातलं एक वाक्य तरी त्यांनी जाताना कानात घेऊन जावं, असं मला फार वाटत होतं. सकाळपासून स्वयंपाकघरात मी ते पुटपुटत होते. इतकं ऐकलं होतं की मला ते येतं, अशी माझी खात्री होती. मी पुढे झाले आणि म्हणाले, "काहून जाऊन राहिले जी शालिकभाऊ? मले आता करमणार नाही."

शब्द सगळे बरोबर होते. पण ते तोंडातून बाहेर पडले आणि माझा सूर मलाच ऐकू आला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मोलकरणीचं काम करणारी मुलगी लावते, तो सूर. टॅक्सीवाला फिसकन हसला.

शालिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मंडळाच्या नाटकात हॉल हसायचा, तेव्हा ते असेच बघत असावेत.

"छान जमतं हो तुम्हाला," ते म्हणाले, आणि गाडीत बसून त्यांनी काच वर केली.